कोझी फॅनी टुटीची रोजकीर्द

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सौदा निघाला की शेतकऱ्याची पट्टी करायची. पोती किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती वजा झाली, हातात काय पडलं. आता सगळं संगणकावर असतं, तरी आमचे शेठ रोजकीर्द हातानं लिहून घेतात आणि मला ते मनापासून पटतं. ज्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी कागदावर उतरला, की पुढं कुणी कितीही आवाज चढवला तरी आकडा जागचा हलत नाही.

हे आधीच सांगितलं, कारण आज ज्या पुस्तकाबद्दल लिहायला बसलेय ते मी ह्याच नजरेनं वाचलं. कोझी फॅनी टुटी ह्या इंग्रज कलावंत बाईचं आत्मचरित्र, 'आर्ट सेक्स म्युझिक'. २०१७ साली फेबर अँड फेबरनं छापलं. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीनं माझ्या हातात ठेवलं. "आत्या, तू वाच. पप्पांना दाखवू नको," म्हणाली. इंग्रजी साधं आहे, डिक्शनरी फारशी लागली नाही. वेळ गेला तो दुसऱ्या कारणानं. पानोपानी थांबून विचार करावा लागत होता आणि काही ठिकाणी पुस्तक मिटून नुसतं बसून राहावं लागलं.

ह्या बाईची माहिती शोधायला गेलं की आधी गाजलेल्या गोष्टीच समोर येतात. थ्रॉबिंग ग्रिसल हा बँड, ज्यानं 'इंडस्ट्रियल म्युझिक' नावाचा प्रकार सुरू केला. १९७६ चं लंडनमधलं वादग्रस्त प्रदर्शन. आणि जेनेसिस पी-ऑरिज, तिचा तेव्हाचा जोडीदार, ज्याच्या नावावर ह्या सगळ्याची कीर्ती बरीच वर्षं जमा होत राहिली. पुस्तकात हे सगळं आहे. पण ते सांगितलंय ते तिच्या डायऱ्यांतून. ती तरुणपणापासून डायरी लिहीत आलीय. काम काय केलं, बरोबर कोण होतं, पैसे किती आले, घरी काय झालं, सगळं त्या-त्या वेळचं. चाळीस वर्षं दुसरं माणूस मुलाखतींतून गोष्ट सांगत राहिलं आणि हिनं शेवटी आपल्या वह्या टेबलावर ठेवल्या.

तिचं जन्माचं नाव क्रिस्टीन न्यूबी. १९५१ चा जन्म, गाव हल, इंग्लंडच्या पूर्वेकडचं मासेमारीचं बंदर. वडील अग्निशमन दलात. शिस्त कडक, मारायला हात लगेच उठायचा. पण त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता आणि घरात रेडिओ, तारा, सुटे भाग ह्यांच्यात पोरगी वाढली. हे वाचलं आणि मी पुढचं पान उलटायच्या आधी बराच वेळ आप्पांचाच विचार करत राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची साऊंड सर्व्हिस होती. लग्नं, सप्ते, निवडणुकीच्या सभा आणि सगळ्यात जास्त म्हणजे चैत्र-वैशाखातल्या यात्रा. कर्णे, युनिटं, आहुजाचं मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी, असं सगळं टेम्पोत घालून कवठेमहांकाळपासून खानापूर-आटपाडीपर्यंत फिरायचे. मला भाऊ आहे, पण वायरी गुंडाळायला आणि सोल्डर धरायला मीच लागायची, कारण माझा हात हलत नसे. यात्रेच्या माळावर पोचलं की पहिलं काम अर्थिंगचं. लोखंडी सळई ओल्या जागी ठोकायची, मिठाचं पाणी ओतायचं. नाहीतर मशीन हम मारतं. आप्पांना हम अजिबात खपत नसे. कान लावून बसायचे, एकेक वायर हलवून बघायचे, "कुठनं येतंय बघ गं" म्हणायचे आणि तो आवाज मेल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत.

मला तो हम आवडायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. कर्ण्यातून येणारा तो एकसुरी, जाडसर गुंजारव, त्यात मधूनच कुठल्यातरी रेडिओ स्टेशनची पुसट बोली, बॅटरी उतरायला लागली की बदलणारा त्याचा पोत. आणि माईकची शिट्टी. माईक कर्ण्यासमोर आला की ती उठते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शिट्टी उठायच्या ऐन अलीकडे एक जागा असते, जिथं आवाज भरदार होतो, गाणारणीचा श्वाससुद्धा माळाच्या टोकापर्यंत जातो. आप्पा मशीनचं बटण बरोबर त्या जागेवर आणून सोडायचे. पंचक्रोशीत त्यांना सुपारी मिळायची ती ह्या एका गोष्टीसाठी.

तर आप्पा जिथं थांबायचे, थ्रॉबिंग ग्रिसलचे लोक तिथून पुढं चालत गेले. चौघं होते. क्रिस कार्टर सिंथेसायझर आणि यंत्रं सांभाळायचा. पीटर क्रिस्टोफरसन टेप वाजवायचा, माणसांची बोलणी, कुठकुठले आवाज कापून जोडलेले. जेनेसिस बास गिटार आणि गाणं. आणि कोझी गिटार आणि कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. गिटार स्वस्तातली होती. जड व्हायला लागली म्हणून तिचं लाकूडच कापून टाकलं. सूर जुळवायचे, कॉर्ड शिकायच्या, ह्या वाटेला ती गेलीच नाही. तिला तारेतून आवाज काढायचा होता आणि तो यंत्रातून नेऊन ओळखू येणार नाही इतका बदलायचा होता. त्यासाठी क्रिसनं एक डबी बनवली होती, तिला 'ग्रिसलायझर' म्हणत. तिचा मूळ आराखडा रॉय ग्विन नावाच्या माणसानं 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' ह्या हौशी लोकांच्या मासिकात १९७५ साली छापला होता. ते वाचून मला फार बरं वाटलं. एवढा बोलबाला झालेला आवाज, आणि त्याचं मूळ मासिकातल्या सर्किटात. आप्पांच्या पेटीतही अशीच कापून ठेवलेली पानं आहेत, डागाळलेली, कडेला पेन्सिलीनं रेझिस्टरच्या बदललेल्या किमती लिहिलेली.

भाचीनं मला त्यांची गाणी फोनवर घालून दिली. 'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह' हे १९७९ चं. यंत्राचा ठेका आणि त्यावर कोझी जवळजवळ कुजबुजते. हे कुणालाही ऐकवता येईल. 'हॅम्बर्गर लेडी' ऐकवता येणार नाही. जळालेल्या बाईची शुश्रूषा करणाऱ्याच्या पत्रावरून केलेलं आहे, आवाज खालून वर येतो, परत खाली जातो, शब्द नीट लागत नाहीत. मी ते यार्डातून घरी येताना ऐकलं आणि विश्रामबागच्या चौकात बाजूला उभी राहिले. इस्पितळाच्या जळीत वॉर्डाबाहेर जे बसलेत त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. सुंदर अजिबात नाही. पण खरा आहे आणि असा आवाज संगीतात आणायला हिंमत लागते.

त्यांचं हिशेबीपणही मला भावलं. १९७७ साली पहिली मोठी रेकॉर्ड काढली तिचं नाव 'द सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट', म्हणजे कंपनीच्या वार्षिक अहवालासारखं. पांढरं कव्हर, वर चिकटपट्टी. पहिल्या खेपेला ७८५ प्रती. कंपनी स्वतःचीच, इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. लंडनच्या हॅकनी भागात मार्टेलो स्ट्रीटवर जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता आणि पार्सलं बांधणं, पत्रांना उत्तरं देणं सगळं घरचं. कार्यक्रम टेप करून ठेवले आणि त्यातल्या चोवीस कॅसेट एका ब्रीफकेसमध्ये घालून विकायला काढल्या. आमच्याकडं यात्रेतल्या टेपवर पुढच्या यात्रेचं रेकॉर्डिंग व्हायचं, कारण कॅसेट महाग होती. किती लावण्या अशा एकीवर एक पुसल्या गेल्या असतील, हा विचार ते पान वाचल्यापासून डोक्यातून गेलेला नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येते. जिच्यामुळं भाचीनं पुस्तक लपवायला सांगितलं.

बँडच्या आधी कोझी आणि जेनेसिस 'कूम ट्रान्समिशन्स' नावाच्या गटात होते. १९६९ मध्ये हलला सुरू झालेला, रस्त्यावर, हॉलमध्ये, मिळेल तिथं अंगानं काहीतरी करून दाखवणारा गट. १९७३ ला ते लंडनला आले. तिथं कोझीनं पुरुषांच्या नग्न मासिकांसाठी मॉडेलिंग सुरू केलं. पैसा लागत होताच. पण ती स्पष्ट लिहिते, की हे काम ती कलेचं साहित्य म्हणून करत होती. त्या धंद्यात आतून शिरायचं, इतर मुलींसारखंच काम करायचं, आणि छापून आलेली मासिकं गोळा करून ती पानं स्वतःची कलाकृती म्हणून मांडायची. पुढं बरीच वर्षं ती पबमध्ये कपडे उतरवून नाचायचंही काम करत होती आणि त्याच सुमारास रात्री बँडमध्ये वाजवत होती.

१८ ऑक्टोबर १९७६ ला लंडनच्या आयसीए ह्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कलासंस्थेत कूमचं प्रदर्शन उघडलं. नाव 'प्रॉस्टिट्यूशन'. त्याच संध्याकाळी थ्रॉबिंग ग्रिसलही लोकांसमोर वाजले. पाळीचे वापरलेले टॅम्पॉन मांडलेले होते. आणि कोझीची मासिकांची पानं. ती मात्र भिंतीवर नव्हती. सभासदानं मागितली तर दाखवायची, अशी व्यवस्था संस्थेनं केली होती. तरीही गदारोळ झाला. निकोलस फेअरबर्न नावाच्या हुजूर पक्षाच्या खासदारानं ह्या लोकांना सभ्यता मोडीत काढणारे म्हटलं, पार्लमेंटात अनुदानावर प्रश्न आले. वर्तमानपत्रात जे-जे छापून येई त्याची कात्रणं हे लोक रोजच्या रोज प्रदर्शनातच लावत गेले.

मी सांगलीत वाढलेली बाई आहे. पाळीचा कपडा उन्हात वाळत घालायलासुद्धा दुसरं कापड वर टाकणाऱ्या घरातली. मी त्या हॉलमध्ये असते तर खाली मान घालून निघून गेले असते, हे मला माहीत आहे. तरी कोझीच्या पानांबद्दल मला काही म्हणायचंय, आणि ते मी तमाशाच्या माळावरून म्हणू शकते.

आप्पांबरोबर मी जायची, पण फडानं गण धरला की मला टेम्पोत बसावं लागायचं. कनातीच्या आत मुलीनं जायचं नाही. गण, गौळण, बतावणी आणि मग रात्र चढेल तशा लावण्या, सगळं मी काच खाली करून कर्ण्यातून ऐकलंय. ढोलकीवर चाळ कसे पडतात ते मला पाठ होतं. एक गाणारीण होती, तिचा आवाज वरच्या पट्टीत जाताना किंचित फाटायचा आणि त्या फाटण्यातच सगळा जीव असायचा. ती कशी दिसते मला माहीत नव्हतं. पहाटे सामान उतरवायला गेले की बायका तोंड धुऊन, साध्या लुगड्यात, चुलीशी बसलेल्या असायच्या. त्यातली ती कोण, हे विचारायची सोय नव्हती.

मला आवाज मिळाला आणि बाई दिसली नाही. कोझीच्या मासिकांत नेमकं उलटं. बाई दिसते, पण आवाज नाही. फोटोशेजारी जो मजकूर असे तो मासिकवाल्यांनी रचलेला, नावही भलतंच ठेवलेलं. तिनं काय केलं, तर ती पानं गोळा केली, चौकटीत घातली, आपलं नाव आणि तारीख लावली. हे काम मी केलं, अमक्या महिन्यात केलं, हा व्यवहार माझ्या खात्यात जमा आहे. ज्या पानांवर तिला बोलायला जागा नव्हती त्यांच्यावर तिनं मालकी सांगितली. लोकांना राग आला तो नागडेपणाचा असं म्हणतात, पण तीच मासिकं लंडनच्या दुकानांत विकत होती तेव्हा खासदार ओरडले नव्हते. बाईनं स्वतः त्याचा हिशेब मांडला तेव्हा ओरडले. आणि हे सगळं झाल्यावर तीस वर्षांनी, २००६ ला, टेट ब्रिटन ह्या संग्रहालयाच्या ट्रायनियल, म्हणजे तीन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात हीच पानं रीतसर लागली.

तिनं जे केलं ते दुसऱ्या कुणी करावं असं मी म्हणणार नाही. मासिकांत आणि पबमध्ये काम करणाऱ्या बाकीच्या मुलींकडं डायरी नव्हती, कला म्हणून नाव द्यायची सोय नव्हती, तेवढा प्रश्न माझ्या मनात तसाच आहे. पण त्या मुलींबद्दल ती कुठंही वरच्या पायरीवरून लिहीत नाही. कोण चांगलं वागलं, कुणी पैसे बुडवले, कपडे बदलायच्या खोलीत काय चालायचं, हे एका कामगार बाईनं दुसऱ्या कामगार बाईबद्दल लिहावं तसं लिहिते.

आपल्याकडं पवळाचं काय झालं बघा. पठ्ठे बापूराव आमच्या जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. १८६६ चा जन्म, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला आणि त्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्र वेडा झाला. त्या लावण्या ज्या पवळानं बोर्डावर उभं राहून म्हटल्या, नाचून दाखवल्या, ती संगमनेरकडची, हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तमाशाच्या बोर्डावर येणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. त्याआधी नाच्या पोरगाच लुगडं नेसायचा. बापूरावांच्या लावणीच्या शेवटी त्यांचं नाव येतं, त्यामुळं ती कुणाची हे कधी हरवत नाही. पवळाच्या गळ्यातून, पायातून, नजरेतून जे त्या शब्दांना मिळालं त्याच्याखाली सही करायला जागाच नव्हती. तिच्याविषयी आपल्याकडं जे आहे ते दुसऱ्यांनी सांगितलेलं. पवळाची एखादी वही असती तर? हा प्रश्न मला कोझीचं पुस्तक वाचताना सतत छळत होता. पुढं कांताबाई सातारकरांसारख्या बायकांनी स्वतःच्या नावाचे फड उभे केले, पुरुषांच्या भूमिका स्वतः केल्या, तेव्हा कुठं पाटीवर बाईचं नाव मोठ्या अक्षरात आलं.

पुस्तकातला सगळ्यात जड भाग घरातला आहे. वडिलांनी तिला तरुणपणीच घराबाहेर काढलं. आई चोरून संबंध ठेवून होती, प्रदर्शनाच्या बोभाट्यानंतर तेही तुटलं. आणि जिथं मोकळीक म्हणून गेली त्या घरात स्वयंपाक, धुणं, कमाई ह्यांचा भार बराचसा हिच्यावरच. मोकळ्या विचारांच्या त्या जगात भांडी कोण घासत होतं, हे ती लिहून ठेवते. जेनेसिसकडून झालेल्या जबरदस्तीबद्दल आणि मारहाणीबद्दल ती लिहिते, एकदा वरून काँक्रीटचा ठोकळा तिच्या दिशेनं फेकला गेला तेही. जेनेसिसनं हे सगळं नाकारलं. २०२० मध्ये जेनेसिसचं निधन झालं. मी वाचक म्हणून एवढंच सांगेन, की ह्या पानांवर ती कुठंही आवाज चढवत नाही. तारीख, जागा, काय घडलं, मग पुढचं काम. तिची ही लिहिण्याची रीत माझ्यावर फार परिणाम करून गेली.

बँड १९८१ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर मोडला. त्याआधीच ती क्रिसबरोबर राहायला लागली होती. पुढं दोघांनी 'क्रिस अँड कोझी' म्हणून संगीत केलं, मुलगा झाला, नॉरफोकमध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत घर आणि स्टुडिओ केला. २००४ पासून बँड काही वर्षं पुन्हा एकत्र आला, २०१० मध्ये पीटर गेला, तिथं संपलं. हा पुनर्मीलनाचा भाग मला लांबला असं वाटलं, करार-ईमेल-वाद फार आहेत. हलला मात्र २०१७ साली शहराचा सांस्कृतिक उत्सव होता आणि त्यात कूमचं प्रदर्शन भरलं. ज्या गावातून तिला बाहेर पडावं लागलं होतं त्याच गावात. ते वाचताना डोळे भरून आले.

भाचीनं मग तिचं २०२२ चं दुसरं पुस्तकही दिलं, 'री-सिस्टर्स'. त्यात ती स्वतःबरोबर आणखी दोन बायकांबद्दल लिहिते. एक डेलिया डर्बिशायर. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवेनवे आवाज तयार करणाऱ्या विभागात होती. १९६३ ला 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत तिनं केलं, एकेक सूर टेपवर घेऊन, वेग बदलून, ब्लेडनं कापून, जोडून. कागदावरची चाल रॉन ग्रेनरची होती आणि नाव त्याचंच लागलं. ग्रेनरला स्वतःला तिचं नाव सोबत हवं होतं, पण संस्थेचा नियम आड आला. २००१ मध्ये ती गेली आणि पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ ला. तिच्या माळ्यावर टेपा निघाल्या, २६७. त्याच १९६३ साली आमचं सांगली आकाशवाणी केंद्र सुरू झालं. आप्पांनी टेप ब्लेडनं कापून सेलोटेपच्या पट्टीनं जोडायची कला तिथल्याच एका ओळखीच्या माणसाकडून बघून घेतली होती.

दुसरी मार्जरी केम्प, पंधराव्या शतकातली. नॉरफोकमधल्या लिनची. देवाच्या ओढीनं मोठ्यानं रडणारी, यात्रा करणारी, चौदा पोरांची आई. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं आपलं आयुष्य दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं, आणि इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते ओळखतात. हस्तलिखित शेकडो वर्षं बेपत्ता होतं, १९३४ ला एका घरात सापडलं.

सांगून लिहून घेतलं. हे वाचलं त्या रविवारी मी आप्पांच्या वह्या काढल्या.

आप्पा हिशेबाला पक्के. प्रत्येक सुपारीची नोंद आहे. तारीख, गाव, कर्णे किती, युनिटं किती, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, डिझेल, आणि पार्टीचं नाव. पार्टी म्हणजे यात्रा कमिटीचा अध्यक्ष नाहीतर फडमालक. गाणारणींची नावं नाहीत. त्यांच्याशी पैशाचा व्यवहार नव्हता, म्हणून नोंद नाही. मी आप्पांजवळ बसले आणि एकेक तारीख वाचायला लागले.

"आटपाडी, डबल कर्णे, पाऊस आलेला. कोण होतं आप्पा गायला?"

"तेवढं ध्यानात ऱ्हातंय व्हय गं?" म्हणाले आधी. मग दोन नोंदी पुढं गेल्यावर आपणहून परत आले. "पाऊस आलेला ती रात म्हणतीस? त्या रात्री माईक भिजला. ती बिनमाईकची उभी ऱ्हायली आन् सगळ्या माळाला ऐकू गेली. मी मशीन बंद करून नुसता बसलो हुतो."

आप्पा मशीन बंद करून बसले होते, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. नाव त्यांना आठवलं नाही. पण ती कुठल्या फडात होती, तिची बहीण तुणतुणं धरायची, ती माईकला कधी तोंड लावायची नाही, वीतभर लांब उभी राहायची, हे सगळं आठवलं. आवाज वर जाताना फाटायचा का, असं मी विचारलं. "फाटायचा की. म्हणून तर मी ट्रेबल कमी ठेवायचो तिला," म्हणाले.

तेव्हापासून नोंदीच्या समोरच्या कोऱ्या पानावर मी लिहिते आहे. डाव्या हाताला आप्पांचा हिशेब तसाच, उजव्या हाताला त्यांना जे आठवतं ते, त्यांच्याच बोलीत, कुठल्या दिवशी सांगितलं त्या तारखेसह. खात्री नसेल तिथं प्रश्नचिन्ह. एका ढोलकीवाल्याचा पत्ता लागला, त्याच्याकडून आणखी नावं निघाली. तो म्हणाला, त्यातल्या एक बाई विट्याच्या बाजूला लेकाकडं असतात, आता थकल्यात, पण बोलायला बसल्या की रात्र पुरत नाही. त्यांच्या लेकाशी फोनवर बोलले. हळदीचा हंगाम उतरला की मला सुट्टी मिळेल. आप्पा म्हणालेत, मीपण येणार, आन् रेकॉर्डिंग मी बघणार, तू नुसतं विचार.